आबांचा झरा

त्या उन्हाळ्यात उतारावरच्या सगळ्या विहिरी तळाला गेल्या आणि आबांच्या विहिरीला पाणी आलं.

आबा सकाळी पहार आणि घमेलं घेऊन नेहमीसारखे विहिरीत उतरायला गेले. खालच्या पायरीवर पाय ठेवला, तो घोट्यापर्यंत भिजला. आबा तसेच वर आले. घरात बायको होती, सून होती, पण त्यांना सांगायचं सोडून हा माणूस आधी शेजारच्या गवंड्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"काय आबा?" गवंड्याने दात घासता घासता विचारलं.

"काही नाही. पाय बघ."

"बघितला. धुतलात वाटतं."

"विहिरीत भिजला," आबा म्हणाले.

गवंड्याचा ब्रश तोंडातच राहिला. आबांनी विहीर आणखी खोल न्यायला घेतल्यापासून या गवंड्याने त्यांना सुखाने जगू दिलं नव्हतं. आबा, पृथ्वीच्या पलीकडे निघालात तर कळवा. आबा, खाली कोणी भेटलं का? असं रोज काहीतरी. आबांनी उभा जन्म लोकांच्या विहिरी खणण्यात घालवला होता. स्वतःच्या विहिरीने मात्र म्हातारपणी त्यांचं नाक कापलं होतं, आणि गवंडी त्यावर मीठ चोळायला टपलेला असायचा.

आता तो तोंडातला फेस न पुसताच विहिरीकडे पळाला. त्याच्यामागे त्याची बायको, तिच्यामागे वरच्या आळीतल्या दोघी-तिघी, आणि सगळ्यांच्या मागे आबा, एक पाय ओला आणि एक कोरडा, अगदी सावकाश. त्यांना आता कसलीच घाई नव्हती.

"मी सांगत होतो की नाही?" आबा काठावर बसून ऐकवू लागले. "ओल वरच्या अंगाने येतेय. म्हणून उतारावर पहार मारत वर वर गेलो. पहार ठोकायची, फिरवून काढायची, टोकाची माती बोटावर घ्यायची. जिथे माती बोटाला चिकटते तिथे तीन दगड मांडून ठेवायचे. काल शेवटची पहार मारली आणि सांगतो तुम्हाला, लोण्यात गेल्यासारखी गेली! तेव्हाच म्हटलं, झऱ्याचं तोंड मोकळं झालं."

"आबा, मानलं तुम्हाला," गवंडी म्हणाला. हे त्याच्या तोंडून निघालं आणि आबांचा चेहरा असा उजळला की सुनेला दारातून बघूनही हसू आलं. तिलाही मनापासून आनंद झाला होता. पण त्याच वेळी तिने मान वळवून माथ्याकडेही बघितलं, कारण पाण्याचा धंदा तिचाही होता.

उताराच्या माथ्यावर खाण होती. तिथला दगड फोडून, पिठासारखा दळून त्यातला धातू काढून घेत, आणि उरलेला गाळ पाण्यात कालवून खालच्या खोलगट जागेत सोडून देत. त्याला सगळे गाळतळं म्हणत. तळाशी जाड काळं प्लास्टिक अंथरलेलं, पुढे उंच बांध, आणि बांधाखाली उतरत उतरत ही वस्ती. त्या गाळात नको नको ते धातू असत. प्लास्टिक कुठे फाटलंच, तर ते पाणी जमिनीतून झिरपत थेट वस्तीच्या विहिरींत येणार. ते वेळेत कळावं म्हणून बांधापासून वस्तीपर्यंत जागोजागी जमिनीत खोल लोखंडी नळ्या पुरल्या होत्या. प्रत्येक नळीला टोपण, टोपणाला कुलूप, आणि सगळ्या किल्ल्या सुनेच्या कमरेला.

ती रोज फेरी मारायची. कुलूप काढून नळीत मोजपट्टी सोडायची. पट्टीच्या टोकाला वजन असे, ते पाण्याला टेकलं की वर चाकातून शिट्टी वाजे. वस्तीने तिचं नाव शिट्टीबाई ठेवलं होतं आणि नवराही लाडात आला की तीच हाक मारायचा. नळ्यांना कंपनीने नंबर दिले होते, पण तिने आपली नावं ठेवली होती. जी भरायला वेळ लावायची ती म्हातारी. जिचं कुलूप कधीच सरळ उघडत नसे ती नकटी. आणि आबांच्या विहिरीच्या वरच्या अंगाला होती ती शेजारीण.

पाण्याचा नमुना घ्यायचा असला की आधी नळीतलं साचलेलं पाणी उपसून फेकून द्यायचं असा नियम होता. बादल्याच्या बादल्या ओताव्या लागत, मागून ताजं पाणी येऊन क्षार मोजणाऱ्या मीटरचा आकडा स्थिर होईपर्यंत. आबांना ते बघवत नसे. कधी वाटेत भेटले तर डोळे मिटून घेत.

"अगं, घोटभर पाण्यासाठी माणसं मरतात आणि तू ओततेस!"

"साचलेलं पाणी खोटं बोलतं आबा. मागून येतं ते खरं."

"पाणी बोलतं म्हणे," आबा पुटपुटत. "आम्ही जन्मभर पाणी काढलं, आमच्याशी कधी बोललं नाही."

तर त्या सकाळी ती फेरीला निघाली. म्हातारी खाली गेली होती. नकटी खाली गेली होती. कडक उन्हाळ्यात जायलाच हवी. शेजारणीचं कुलूप काढून तिने पट्टी सोडली आणि नेहमीपेक्षा आधीच शिट्टी वाजली. तिला वाटलं, पट्टी नळीच्या ओल्या भिंतीला चिकटली. वर ओढून, पुसून पुन्हा सोडली. पुन्हा तिथेच शिट्टी. सगळ्या उतारावर पाणी उतरत होतं आणि फक्त इथे हात दीड हात चढलं होतं. ती नळीपाशी उकिडवी बसून राहिली. खालून विहिरीवरच्या हसण्याचा आवाज येत होता.

आभाळातून थेंब पडला नव्हता. मग हे पाणी आलं कुठून? वर बघितलं तर बांध तिथेच होता, राखाडी, उंच, गप्प.

तिने पंप सोडला, पाणी उपसलं, मीटर बुडवलं. आकड्याने तिला आणखी कोड्यात टाकलं. गाळतळ्याचं पाणी जड असतं, त्यात नाना क्षार विरघळलेले. जमिनीतलं पाणी मध्यम. हे पाणी मात्र हलकं होतं, जमिनीतल्या पाण्यापेक्षाही हलकं. गाळाचं म्हणावं तर हलकं, आणि झऱ्याचं म्हणावं तरी हलकंच. तिने मीटर धुऊन पुन्हा बुडवलं. आकडा तोच.

दुपारी ती कंपनीच्या ऑफिसात गेली. भूजलवाल्या मॅडम जेवणाचा डबा उघडा ठेवून नकाशात डोकं घालून बसल्या होत्या. तरुण बाई, पण बूट कायम चिखलाने भरलेले, त्यामुळे सुनेला त्यांच्याबद्दल पहिल्यापासून आपलेपणा वाटे.

"शेजारीण चढलीय, मॅडम."

मॅडमनी घास खाली ठेवला. आकडे बघितले, हलक्या पाण्याचा आकडा दोनदा विचारला. "काहीच ताळमेळ लागत नाही," त्या म्हणाल्या. "खालच्या विहिरीचा नमुना लागेल. आणि जोवर पाणी कुठलं ते कळत नाही तोवर विहीर बंद ठेवावी लागेल, ताई. कुठली विहीर आहे ती?"

"आमची."

मॅडमनी नकाशा बाजूला सारला. मग म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाला पाठवू का नमुना घ्यायला?"

सुनेला एक क्षण वाटलं, हो म्हणावं. कोणी परका येईल, बाटली भरेल, पाटी लावेल, आणि आपण घरात कणीक मळत बसू. पण खालच्या वस्तीतल्या बाया आतापर्यंत दोन दोन हंडे घेऊन गेल्या असतील. त्यांची पोरं ते पाणी पीत असतील. "नको," ती म्हणाली. "माझी नळी, माझं घर. मीच घेते."

विहिरीवर अगदी बाजार भरला होता. आबा काठावर स्टूल टाकून बसले होते आणि पोहऱ्यामागून पोहरा ओढायला लावत होते. गवंड्याची बायको हंडा भरत होती, दोरीवर खुद्द गवंडी होता. सून बाटल्यांची पेटी घेऊन आली तसे आबा खुशीत म्हणाले, "या सूनबाई! तुमच्या नळीत आहे का असं पाणी?"

"आबा, नमुना घ्यायचाय."

"घे की! दहा बाटल्या घे. कंपनीलाही कळू दे."

तिने बाटल्या भरल्या, बर्फाच्या पेटीत ठेवल्या. मग पिशवीतून पाटी काढली. पाटी बघून आबांचा चेहरा उतरत गेला. पाटीवर लिहिलं होतं, पाणी पिऊ नये, तपासणी चालू आहे.

"हे काय?"

"तपास लागेपर्यंतच, आबा. वर शेजारीणही चढलीय. पाणी कुठून येतंय ते कळायला हवं."

"कुठून येतंय? झऱ्यातून येतंय! मी मोकळा केला झरा!"

"असेल. पण गाळतळ्याचा पाझर असला तर?"

गवंड्याच्या बायकोने भरलेल्या हंड्याकडे बघितलं, मग सुनेकडे, आणि हळूच हंडा विहिरीच्या कट्ट्याबाहेर ओतून टाकला. ते पाणी मातीत जिरताना आबा बघत राहिले. त्यांनी भांडण केलं असतं, पोहरा आपटला असता, तर सुनेला बरं वाटलं असतं. पण ते उठले, स्टूल उचललं आणि घरात गेले. गवंड्यालाही त्या दिवशी विनोद सुचला नाही.

संध्याकाळपासून आबांनी सुनेशी बोलणं टाकलं. काही सांगायचं असलं की ते बायकोला सांगत.

"तुझ्या सुनेला म्हणावं, मीठ कमी आहे."

"अहो, ती समोरच बसलीय," सासू म्हणायची.

"म्हणूनच तुला सांगतोय. कंपनीच्या माणसांशी मी थेट बोलत नाही."

नवरा खाणीत डंपर चालवायचा. तो घरी आला तेव्हा दोन्ही बाजूंनी त्याला घेरलं. बापाने सांगितलं, तुझ्या बायकोने माझी विहीर बंद केली. बायकोने सांगितलं, तुझ्या बापाची विहीर मी बंद केली. "मग दोघांचं एकच म्हणणं आहे," तो म्हणाला आणि जेवायला बसला. सासूला हसू फुटलं. आबांनाही फुटणार होतं, पण त्यांनी ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

कंपनीचा टँकर येऊ लागला. बाया रांगेत उभ्या राहत आणि टँकरवाल्याच्या तऱ्हा सोसत. त्याने नळ मध्येच बंद करावा, कोणाचा हंडा वाकडा म्हणून बाजूला सारावा, आणि कोणी काही बोलू नये. आबांनी रांग लावायला साफ नकार दिला, तेव्हा सासू गेली. ती टँकरचं पाणी घेऊन विहिरीवरून येताना आबा पाठ करून बसायचे. सुनेला त्यांची ती पाठ बघवत नसे. आबांचे खांदे अजून रुंद होते, पण उन्हात राहून कातडी सैल पडली होती, आणि पाठीवर दोरीचा जुना घट्टा होता. या पाठीने किती जणांना पाणी दिलं असेल, असं तिच्या मनात येई आणि डोळे भरून येत. तरी रोज फेरीहून परतताना ती पाटी सरळ आहे ना ते बघून घ्यायची. एकदा वाऱ्याने ती पडली होती. सून पोचायच्या आत कोणीतरी ती उचलून घट्ट रोवली होती, आणि भोवतीने दगडही ठोकले होते. दगड ठोकायची ती पद्धत एकाच माणसाची होती.

प्रयोगशाळेचा निकाल आला तेव्हा मॅडम स्वतः घरी आल्या. आबा ओसरीत बसले होते, ते उठून आत जाऊ लागले.

"आबा, बसा," मॅडम म्हणाल्या. "चांगली बातमी आहे. गाळतळ्याचा एकही धातू नाही पाण्यात. बांध धड आहे."

सुनेचा जीव भांड्यात पडला. सासूने हात जोडले. आबा परत बसले आणि सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. त्यांच्या छातीत हवा भरू लागलेली दिसत होती. "म्हणजे झरा," ते म्हणाले.

"तेच विचारायला आलेय. पाण्यात थोडं क्लोरीन सापडलंय. जंतू मारायचं औषध. आबा, तुमच्या झऱ्यात ते कोण घालतं?"

आबा ओसरीवरून विहिरीकडे बघू लागले.

मॅडमना संशय होताच, त्यांनी तो समजावून सांगितला. असं हलकं, औषध घातलेलं पाणी या भागात एकाच ठिकाणी होतं. कंपनीच्या शुद्धीकरण केंद्रात. तिथून एक पाइप पाहुण्यांच्या बंगल्याच्या बागेला जात होता. नकाशात तो रस्त्याच्या कडेने होता, म्हणजे इथून बराच लांब. पण बंगल्याचा माळी गेले काही दिवस ओरडत होता की बागेला पाणी पोचत नाही, आणि कोणी त्याला दाद देत नव्हतं. "उद्या सकाळी त्या पाइपात रंग सोडते," मॅडम म्हणाल्या. "हिरवा. कोणाला बाधत नाही. बघू कुठे निघतो."

"सोडा, सोडा," आबा म्हणाले. "माझ्या झऱ्यात नाही निघायचा."

दुसऱ्या दिवशी सून फेरीवर असतानाच खालून आरडाओरडा ऐकू आला. ती किल्ल्या सावरत धावत उतरली. विहिरीभोवती पुन्हा बाजार भरला होता. खाली पाणी पोपटाच्या पंखासारखं हिरवंगार झालं होतं. गवंडी काठावर पोट धरून बसला होता. हसावं की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं, कारण आबा समोर उभे होते. आबांचा चेहरा असा झाला होता की कोणालाही दया यावी.

"आबा," शेवटी गवंडी अगदी हळू म्हणाला, "बंगल्यावरचं पाणी पीत होतो आपण. साहेबांच्या बरोबरीला आलो."

मॅडम आल्या. त्यांच्याकडे जमिनीखालचा आवाज ऐकायचं यंत्र होतं, काठीसारखं टेकवायचं आणि कानाला लावायचं. पाइप रस्त्याकडेने नव्हताच. ठेकेदाराने जवळची वाट म्हणून तो उतारावरून आडवा नेला होता आणि नकाशात तसा दाखवला नव्हता. मॅडम यंत्र टेकवत टेकवत शेजारणीच्या वरच्या अंगाला आल्या आणि एका जागी थांबल्या. त्यांनी यंत्राचं कानाकडचं टोक सुनेच्या कानाला लावलं. आत पाणी फुसफुसत होतं.

"इथे खणायला माणूस बोलवते," मॅडम म्हणाल्या.

"माझ्या उतारावर दुसरा कोणी खणणार नाही," मागून आवाज आला. आबा कुदळ-फावडं घेऊन आले होते. एवढे दिवस घुम्यासारखा बसलेला माणूस, पण कुदळ हातात घेतल्यावर त्याचं वय निम्म्यावर आलं. एका लयीत माती वर येऊ लागली. सून जवळ उभी राहून बघत होती. खड्डा गुडघ्यापर्यंत गेला आणि तिच्या लक्षात आलं, आबांचा हात मंदावलाय. ते मध्येच थांबून बाजूला बघत होते. बाजूला गवतात तीन दगड मांडलेले होते.

सुनेने ते दगड ओळखले. तिने आबांकडे बघितलं, आबांनी तिच्याकडे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांची नजरानजर झाली, आणि त्या नजरेत त्यांना सगळं एकदमच कळलं.

आबांनी शेवटची माती हाताने सारली. निळा प्लास्टिकचा पाइप जेमतेम गुडघाभर खोलीवर होता. त्याच्या पाठीला एक गोल, गुळगुळीत भोक होतं आणि त्यातून हिरवं पाणी उसळत होतं. सगळे खड्ड्यात डोकावले. माळीही डोकावला, तो बंगल्यावरून धावत आला होता.

"कोणी केलं हे?" माळी ओरडला. "इतके दिवस मी शिव्या खातोय! गवत वाळलं माझं!"

सून काहीच बोलली नाही. काही न बोलणं जमण्यासारखं होतं. नकाशा चुकलेला होता, पाइप उथळ होता, दोष कोणावरही गेला असता. आबा उठले. घराच्या कडेला जाऊन त्यांनी आपली पहार आणली, खड्ड्यात उतरले आणि पहारीचं टोक त्या भोकात घातलं. ते असं चपखल बसलं की पाणी एकदम थांबलं.

"लोण्यात गेल्यासारखी गेली होती," आबा म्हणाले.

आधी सासू हसली. मग गवंडी, आणि त्याला तर श्वासच घेता येईना. मॅडमनी नकाशा तोंडावर धरला, पण खांदे हलत होते. माळी जरा वेळ रागात राहिला, मग तोही खड्ड्याच्या कडेला बसून हसू लागला. आबा मध्ये पहार धरून उभे, कारण सोडली की पाणी उसळायचं. शेवटी त्यांचंही तोंड वाकडं झालं, आणि एकदा सुटल्यावर हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"सोडू का?" ते ओरडले. "अरे कोणीतरी पाइप बंद करा, का जन्मभर इथेच उभं करताय मला!"

पाइप बंद झाला, दुरुस्त झाला, खोल पुरला गेला. मॅडमनी कंपनीला कळवलं की पाइप नकाशात नाही तिथे होता आणि उथळ होता. उन्हाळ्यात माणसं पाणी शोधतात आणि त्यासाठी पहार मारतात, तेव्हा चूक पाइपाची. आबांना कोणी बोल लावला नाही. शेजारीण पुन्हा खाली गेली. आबांची विहीरही गेली, तळ पुन्हा उघडा पडला. सुनेला वाटलं, आता हा माणूस पहार टाकून देईल.

दुसऱ्याच दिवशी आबा विहिरीत उतरले.

"आबा, आता काय शोधताय?" गवंड्याने वरून विचारलं. "साहेबांच्या न्हाणीघराची लाइन?"

"तू खाली ये, घमेलं ओढ," आबा आतून म्हणाले. "पाइप फुटायच्या आधीपासून तळाला ओल होती. ती काही बंगल्याची नव्हती."

आश्चर्य म्हणजे गवंडी दोरीवर आला. तो बडबडत राहिला, पण घमेली ओढत राहिला. आबा आता सुनेशी बोलू लागले होते, पण विहिरीबद्दल नाही. संध्याकाळी मातीने माखून येत, तळहाताला तेल लावत, आणि तिच्या फेरीचं विचारत. नकटीचं कुलूप उघडलं का? म्हातारी कुठवर गेली? तिला त्याचं इतकं बरं वाटे की जेवणाआधी ती त्यांना सगळ्या नळ्यांचा हालहवाल सांगून टाकी.

एका सकाळी ती शेजारणीपाशी होती. पट्टी खाली सोडली, शिट्टी वाजली, आणि मागे पावलं ऐकू आली. आबा तिच्या कामावर कधीच आले नव्हते. आज आले होते, डोक्यापासून पायापर्यंत चिखल, आणि चिखल ओला होता.

"तुझी शिट्टी घेऊन चल," ते म्हणाले.

विहिरीवर दहा-बारा माणसं होती. सासू काठावर रिकामी कळशी घेऊन उभी होती. कोणी पाय दाखवत नव्हतं, कोणी फुशारकी मारत नव्हतं. सुनेने पट्टी सोडली. ती जात राहिली, जात राहिली, इतकी की गवंड्याने डोळे मिटून घेतले. मग खोल कुठेतरी टेकली आणि शिट्टी वाजली.

"आहे," सून म्हणाली. "हातभर."

कोणीतरी हुश्श केलं, पण आबांनी हात वर केला. "अजून नाही. मीटर लाव."

पोहऱ्यातून पाणी आलं, तिने मीटर बुडवलं. आकडा मध्यम होता, या जमिनीतल्या पाण्याचा असतो तसा. मग तिने क्लोरीन तपासायची कागदी पट्टी बुडवली आणि सगळ्यांना दिसेल अशी उचलून धरली. पट्टीचा रंग बदलला नाही.

"बंगल्याचं नाही. हे जमिनीचं आहे, आबा."

आबा कट्ट्यावर बसले. "गावाने सांगितलं असतं तर आता माझा विश्वास बसला नसता," ते म्हणाले. "त्या वेळी सगळे म्हणत होते झरा आहे, आणि तू एकटी म्हणालीस माहीत नाही. आज तू म्हणतेस आहे, म्हणजे आहे."

सुनेने मान खाली घातली आणि मीटर पुसत बसली, कोरडं झालं तरी पुसतच राहिली.

सासूला एवढा धीर कुठला. तिने पोहरा ओढून वर घेतला आणि कळशीवर तिरका केला. तेवढ्यात आबा ताडकन उठले. त्यांनी बायकोच्या हातातून पोहरा घेतला, चार पावलं लांब गेले आणि सगळं पाणी जमिनीवर ओतून दिलं.

"अहो!" सासू किंचाळली. "वेड लागलं का तुम्हाला? घोटभर पाण्यासाठी माणसं मरताहेत आणि तुम्ही ओतताय?"

आबांनी दुसरा पोहरा खाली सोडला.

"थांब जरा," ते म्हणाले. "साचलेलं पाणी खोटं बोलतं. सूनबाई, तू बाटल्या काढ, मी ताजं आणतो."